दुभाष्याची वही

१८५४ साली आग्र्यात असलेल्या जॉन लँग नावाच्या वकिलाला झाशीहून एक पत्र आलं. सोनेरी कागदावर, फार्सीत लिहिलेलं. पत्र राणी लक्ष्मीबाईंचं होतं. त्यांचे पती गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले होते. आदल्याच दिवशी त्यांनी घेतलेलं दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केलं आणि झाशी खालसा केली. सिडनीत जन्मलेला हा वकील कंपनीविरुद्धचा खटला जिंकलेला होता, म्हणून राणींनी त्याला बोलावणं धाडलं. लँग झाशीला आला, पडद्याआडच्या राणींशी बोलला आणि १८५९ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने ती भेट इंग्रजीत लिहून ठेवली.

हे पत्र आठवलं की मी थबकतो ते त्याच्या भाषेपाशी. राणींच्या घरात मराठी बोलली जायची. सासरचे नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे, राणी स्वतः तांब्यांची मनकर्णिका. किल्ल्याखालच्या बाजारात बुंदेली चालायची. दरबारी कागद फार्सीत. आणि ज्याच्या सहीवर सगळं अडलं होतं तो गव्हर्नर जनरल डलहौसी कलकत्त्यात बसून इंग्रजी वाचत होता. मनात मराठीत उठलेलं एक वाक्य कलकत्त्याच्या टेबलावर पोहोचेपर्यंत किती उंबरे ओलांडत होतं!

आज झाशीच्या फलाटावर उभं राहून तुम्ही फोनवर बघता, झेलम एक्सप्रेस कुठवर आली. बोट टेकवलं की उत्तर हजर. त्या क्षणात फोनच्या आत जे घडतं, ते या खलित्यांच्या प्रवासाहून फारसं वेगळं नाही. माणसाने एका भाषेत लिहिलेलं म्हणणं दुसऱ्याच भाषेच्या मालकाला समजावून द्यायचं असतं. हा मालक म्हणजे प्रोसेसर. त्याला मराठी येत नाही, इंग्रजी येत नाही, जावा आणि पायथनही येत नाहीत. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरला ‘या खान्यातली संख्या त्या खान्यातल्या संख्येत मिळव’ एवढंच सांगायचं असेल, तर ते असं सांगावं लागतं: ०००००००१ ११०११०००. सोळा अंक, त्यांत फक्त शून्य आणि एक. तुमच्या फोनमधला प्रोसेसर बहुधा एआरएम घराण्यातला, त्याला हे सोळा अंक कळणारच नाहीत. त्याची बोली निराळी.

मग मधलं अंतर कोण कापतं? याची दोन उत्तरं संगणकाच्या जगात फार जुनी आहेत आणि दोन्ही आपल्या ओळखीची आहेत.

पहिलं उत्तर भाषांतराचं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलं. पुढे अमृतलाल नागरांनी त्याचा हिंदी अनुवाद केला, ‘आँखों देखा गदर’. नागरांनी कष्ट एकदाच घेतले. त्यानंतर झाशीचा कुठलाही वाचक ते पुस्तक थेट हिंदीत वाचतो, मधे कुणी लागत नाही. संगणकात हे काम करणारा तो कंपायलर. आख्खा प्रोग्रॅम आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवायचा, मग हवा तेवढ्या वेळा चालवायचा. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी केलेला फोर्ट्रानचा कंपायलर १९५७ साली आला. सहाच वर्षांनी, १९६३ मध्ये, झाशीपासून सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास असलेल्या कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० येऊन पोहोचला आणि आपल्याकडची पहिली विद्यार्थ्यांची पिढी फोर्ट्रान शिकू लागली.

दुसरं उत्तर दुभाष्याचं. तो शेजारी उभा असतो. तुम्ही एक वाक्य बोलता, तो ते समोरच्याला सांगतो, मग पुढचं. आधी काही तयार करावं लागत नाही, बोलणं लगेच सुरू होतं. संगणकातला हा दुभाष्या म्हणजे इंटरप्रिटर, आणि इंग्रजीत दोघांना नावही तेच आहे.

दुभाष्याचा एक दोष मात्र जीवघेणा. त्याला स्मरण नाही. तेच वाक्य तुम्ही कोटी वेळा बोललात, तर तो कोटी वेळा त्याचा अर्थ नव्याने लावतो.

हा दोष किती महाग पडतो ते एका अगदी साध्या ओळीवर पाहू: अ + ब. अ पाच असेल आणि ब सात, तर उत्तर बारा. पण अ ‘झा’ असेल आणि ब ‘शी’, तर पायथनसारख्या भाषेत याच अधिकच्या चिन्हाने ‘झाशी’ हा शब्द तयार होतो. ओळ तीच, काम पूर्ण वेगळं. म्हणून दुभाष्याला प्रत्येक वेळी चौकशी करावी लागते. पुढची सूचना कोणती? बेरजेची. अ कुठे ठेवलाय? तो कोणत्या जातीचा, संख्या की अक्षरं? ब कोणत्या जातीचा? दोघांची बेरीज कुठल्या नियमाने होते? उत्तर ठेवायला नवी जागा कुठे मिळेल? ही सगळी विचारपूस संपल्यावर खरी बेरीज होते, आणि तिला प्रोसेसरची एकच सूचना पुरते. वर दिलेले ते सोळा अंक. एका सूचनेच्या कामासाठी कितीतरी सूचनांचा लवाजमा. शिरा एक वाटी आणि वाढपी पन्नास!

मग सगळंच आधी भाषांतर करून का ठेवत नाहीत? कारण भाषांतरकाराला पुढे काय होणार ते ठाऊक नसतं. अ संख्या असेल की अक्षरं, हे प्रोग्रॅम चालू झाल्यावर कळतं. न चालवता, नुसता मजकूर वाचून जास्तीत जास्त किती ओळखता येईल, ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिच्यात मराठी माणसांनी मोठं काम केलंय. आयआयटी मुंबईचे प्रा. डी. एम. ढमढेरे यांचं सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक महाराष्ट्रातल्या कित्येक इंजिनिअरांनी परीक्षेच्या आदल्या रात्री उशाशी घेतलंय. तेच हिशेब प्रोग्रॅममध्ये पुन्हापुन्हा केले जात असतील तर ते कसे हुडकून काढायचे, यावर त्यांचं संशोधन जगभर वाचलं जातं. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांच्याबरोबर त्यांनी १९९४ साली या विश्लेषणाचा एक सामान्य सिद्धान्त मांडला. तरीही कितीही तल्लख वाचक असला, तरी उद्या वापरणारा कोणतं बटण दाबेल हे कागदावरून वाचता येत नाही. तिथे वाचनाची हद्द संपते.

आणखी एक अडचण होती. भाषांतर एका प्रोसेसरच्या बोलीत करून ठेवलं, तर दुसऱ्याला ते निरुपयोगी. १९९५ मध्ये जावा ही भाषा आली ती यावर तोडगा घेऊनच, आणि तो तोडगा राणींच्या दरबाराला नवा वाटला नसता. प्रोग्रॅम थेट यंत्रभाषेत न्यायचाच नाही. आधी तो एका मधल्या भाषेत उतरवायचा, जी कुठल्याच प्रोसेसरची मातृभाषा नाही पण जी सगळ्यांकडे कुणीतरी वाचू शकतं. फार्सी अशीच होती. राणींची ती मायबोली नव्हती, लँगचीही नव्हती. तरी सोनेरी कागद दोघांच्या मधून गेला तो फार्सीतच. जावाची ही फार्सी म्हणजे बाइटकोड. तो कुठल्याही यंत्रावर पाठवा, तिथला दुभाष्या तो वाचून दाखवेल.

पण शेवटी वाचून दाखवणार दुभाष्याच, म्हणजे पुन्हा तोच संथपणा. सुरुवातीच्या जावाला सगळ्यांनी हळू म्हणून नावं ठेवली ती उगाच नाहीत.

इथून पुढची गोष्ट मला मानवी बुद्धीच्या सर्वांत देखण्या करामतींपैकी एक वाटते.

डोनाल्ड कनुथ या गणित्याने १९७१ साली फोर्ट्रानच्या खऱ्याखुऱ्या प्रोग्रॅमांचा अभ्यास छापला. नमुने कुठून आणले? काही चक्क कचऱ्याच्या टोपल्यांतून, लोकांनी टाकून दिलेल्या कागदांतून. त्यांना दिसलं की साधारणपणे प्रोग्रॅमचा चार टक्क्यांहूनही कमी भाग निम्म्याहून जास्त वेळ खातो. उरलेला बहुतेक मजकूर एखाद-दुसऱ्या वेळी चालतो, आणि पुष्कळसा तर कधीच नाही. आता दुभाष्याकडे पुन्हा पाहा. त्याने सगळं पाठ करायची गरजच नाही. दरबारात दिवसभर कानावर येणारी चार-दोन वाक्यं त्याने टिपून ठेवली, तरी निम्मं ओझं उतरेल.

म्हणून दुभाष्याच्या हातात वही दिली. प्रत्येक वाक्यासमोर तो आपला एक रेघ ओढत जातो. तेच वाक्य ठराविक वेळा आलं, की मागच्या खोलीत बसलेल्या लेखनिकाला खूण करतो. लेखनिक त्या वाक्याचं थेट यंत्रभाषेत भाषांतर लिहायला घेतो, आणि तोवर बाहेर दुभाष्याचं बोलणं न थांबता चालू असतं. भाषांतर तयार झालं की पुढच्या वेळी ते वाक्य आल्यावर दुभाष्या बाजूला सरतो आणि प्रोसेसर वहीतलं पान स्वतः वाचतो. हेच ऐनवेळचं भाषांतर, जस्ट-इन-टाइम कंपायलेशन. पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या तोंडी त्याचं नाव नुसतं ‘जिट’.

सन कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या जावाच्या अशा इंजिनाचं नावच हॉटस्पॉट, म्हणजे जिथे गरमागरमी आहे ती जागा. त्याच्या सर्व्हरवरच्या जुन्या आवृत्तीत रेघांची मर्यादा होती १०,०००. आता मागच्या खोलीत दोन लेखनिक बसतात. एक घाईघाईने कच्चं भाषांतर लगेच हातात देतो. दुसरा निवांत, पण त्याचा मजकूर कसलेला. वाक्य शे-दोनशे वेळा आलं की पहिल्याकडे जातं, हजारो वेळा आलं की दुसऱ्याकडे.

कल्पना मात्र जावाहून कितीतरी जुनी. जॉन मॅकार्थी यांच्या १९६० सालच्या लिस्पवरच्या लेखात तिचं बीज आहे. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मजकुरात शब्द शोधण्याची एक पद्धत छापली, तिच्यात तुम्ही काय शोधताय ते पाहून आयबीएम ७०९४ साठीची यंत्रभाषा जागच्या जागी तयार होत असे. स्मॉलटॉक भाषेसाठी पीटर डॉइच आणि अ‍ॅलन शिफमन यांनी १९८४ मध्ये ती पुरती वापरात आणली.

लेखनिक लिहितो म्हणजे नेमकं काय करतो, हे नीट बघण्यासारखं आहे. तो संगणकाच्या स्मृतीत काही अंक मांडतो. ०००००००१ ११०११०००, आणि त्याला जोडून असेच आणखी. मांडत असताना ते नुसते अंक असतात. तुमचा फोन नंबर स्मृतीत पडतो, फोटो पडतो, गाणं पडतं, तसेच. मग तो प्रोसेसरला सांगतो, ‘आता या जागेवर जा आणि तिथे लिहिलंय ते कर.’ आणि क्षणापूर्वी जो मजकूर होता, तो कृती होतो. चालू असलेल्या प्रोग्रॅमने स्वतःचाच पुढचा भाग लिहिला आणि लगेच त्यात पाऊल टाकलं. आपण ज्या फांदीवर बसलोय तिला नवी फांदी फोडून तिच्यावर सरकावं, तसं. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचू शकलो नव्हतो.

यात धोकाही आहे, कारण चोराने तिथे आपले अंक मांडले तर तेही कृती होतील. म्हणून स्मृतीचा एक तुकडा एका वेळी एकतर लिहिण्यासाठी उघडा ठेवायचा किंवा चालवण्यासाठी, दोन्हीसाठी नाही, असा दंडक आता पाळतात. अ‍ॅपल तर आयफोनवरच्या सर्वसाधारण अ‍ॅपना ही विद्या वापरूच देत नाही.

आता दुभाष्याच्या वहीतली खरी हुशारी. वहीतलं भाषांतर वेगवान का होतं? चौकशी वाचते म्हणून. आणि चौकशी वाचवायची तर अंदाज बांधावा लागतो.

‘पान’ हा शब्द घ्या. झाडाचं पान, पुस्तकाचं पान, खायचं पान. दुभाष्या दरवेळी मान वळवून बघतो, बोलणारा कोण आहे, कुठे उभा आहे, आणि मग अर्थ सांगतो. पण समजा, तो विड्याच्या ठेल्यासमोर बसलाय आणि दहा हजार वेळा ‘पान’ म्हणजे विड्याचंच निघालं. लेखनिक वहीत सरळ ‘विडा’ लिहून टाकतो. झाडाचा आणि पुस्तकाचा विचारच नाही. फक्त पानाच्या डोक्यावर एक छोटी राखण ठेवतो: बोलणारा ठेल्याचं गिऱ्हाईकच आहे ना? एवढं एकदा बघायचं आणि पुढे सुसाट जायचं. अ + ब मध्येही असंच. दहा हजार वेळा दोन्ही संख्याच आल्या, तर लेखनिक लिहितो, ‘दोन्ही संख्या आहेत एवढं बघ, मग मिळव.’ तो लवाजमा गेला. उरली राखण आणि ती एक सूचना.

एके दिवशी ठेल्यासमोर एक मास्तर येतात आणि म्हणतात, ‘पान उलटा.’

राखण चूक पकडते. आता काय? पुढे जाता येत नाही, कारण पुढे झाडा-पुस्तकाची सोयच लिहिलेली नाही. कोलमडायचंही नाही. दुभाष्याची खरी कसोटी इथे. तो वही मिटतो, वाक्य अर्ध्यावर होतं त्या अर्ध्या जागी बरोब्बर येऊन उभा राहतो आणि पुन्हा पूर्वीसारखा शब्दाशब्दाने सांगू लागतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. आत किती उलथापालथ झाली बघा. वहीतल्या वेगवान मजकुरात कितीतरी गोष्टी गाळलेल्या होत्या, पुढेमागे केलेल्या होत्या, खाने वेगळे वापरलेले होते. त्या सगळ्यावरून ‘संथ दुभाष्या या क्षणी कुठे असता, त्याच्या हातात काय काय असतं’ हे उभं करावं लागतं. त्यासाठी लेखनिक भाषांतर लिहितानाच समासात परतीच्या खुणा लिहून ठेवतो. या जागी अंदाज फसला तर अमुक वस्तू तमुक खान्यात मिळेल, तिथून दुभाष्याने अमुक ओळीपासून धरावं. पुढे पाऊल टाकण्याआधी मागे यायची वाट बांधून ठेवलेली!

कधी कधी राखणही लागत नाही. समजा तिकिटांच्या एका प्रोग्रॅममध्ये भाडं काढणारा प्रकार एकच आहे, साधं तिकीट. दुसरा प्रकार अजून स्मृतीत उतरलेलाच नाही. लेखनिक बिनधास्त धरून चालतो की भाडं म्हणजे साध्या तिकिटाचंच, आणि तो हिशेब थेट मजकुरात मुरवून टाकतो. दुपारी कुणीतरी पहिल्यांदा तत्काळचं तिकीट मागतं, नवा प्रकार स्मृतीत येतो, आणि येतायेताच या गृहीतावर उभी असलेली वहीतली सगळी पानं एका दमात रद्द होतात. नव्या परिस्थितीत पुन्हा रेघा ओढणं सुरू. काही वेळाने नवी पानं तयार.

ही माघारीची विद्या १९९२ साली उर्स होल्झल, क्रेग चेंबर्स आणि डेव्हिड उंगार यांनी सेल्फ नावाच्या भाषेसाठी मांडली. गंमत म्हणजे वेगासाठी त्यांनी ती शोधलीच नव्हती. वेगवान केलेल्या मजकुरातले दोष माणसाला शोधता यावेत, मूळ ओळी डोळ्यांसमोर ठेवून बघता यावेत, म्हणून त्यांना परतीची वाट हवी होती. पण ती वाट हाती आल्यावर लेखनिकाला वाट्टेल तेवढं धाडस करायची मुभा मिळाली. माझ्या मते ऐनवेळच्या भाषांतराचा आत्मा वहीत नसून याच खुणांत आहे. आधी करून ठेवलेल्या भाषांतराला शंभर टक्के खात्रीचंच लिहावं लागतं, कारण चुकलं तर सांभाळणारा कुणी नाही. वहीवाला दुभाष्या नव्याण्णव टक्क्यांच्या खात्रीवरही सुसाट सुटू शकतो.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच नवलाचा. एखादी आवर्तनं घालणारी ओळ कोटी वेळा फिरणार आहे आणि आपण चाळिसाव्या हजारात आहोत. भाषांतर आत्ता तयार झालं. ओळ संपायची वाट बघायची? नाही. आवर्तन चालू असतानाच दुभाष्याच्या हातातलं सगळं उचलून नव्या मजकुराच्या खान्यांत ठेवायचं आणि चाळीस हजार एकावं आवर्तन तिथून पुढे. झाशीसारख्या जंक्शनवर इंजिन बदलायचं तर गाडी उभी करावी लागते. इथे गाडी शंभराच्या वेगाने धावत असताना इंजिन बदललं जातं आणि डब्यातल्या चहाच्या पेल्यावर तरंगही उठत नाही.

या सगळ्यावरून असं वाटेल की वहीवाला आला आणि साधा दुभाष्या संपला. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. क्रोम ब्राउझरमध्ये वेबपानं चालवणारं व्ही-८ हे इंजिन लार्स बाक आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये बांधलं आणि २००८ साली ते बाहेर आलं. त्यांनी दुभाष्या ठेवलाच नव्हता. जे येईल ते सरळ यंत्रभाषेत. वेग इतका, की बाकीच्या ब्राउझरवाल्यांना धावत सुटावं लागलं. आणि त्याच व्ही-८ मध्ये २०१७ मध्ये इग्निशन नावाचा एक साधा दुभाष्या मुद्दाम आणून बसवला गेला. कारण? यंत्रभाषेतला मजकूर बाइटकोडपेक्षा खूप जास्त जागा खातो, आणि जगातले कोट्यवधी लोक वेबपानं बघतात ती कमी स्मृतीच्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर. जी ओळ एकदाच चालायची आहे, तिच्यासाठी वहीचं पान खर्ची का घालायचं? बुंदेलखंडातल्या एखाद्या गावात जुन्या फोनवर पान उघडतं, त्यात या परत बोलावलेल्या दुभाष्याचा वाटा आहे. पायथनचा प्रवास याच्या उलट. १९९१ पासून तिचा मूळ दुभाष्या बिनवहीचाच चालत आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीत पहिल्यांदा त्याला वही मिळाली, तीही प्रयोग म्हणून, हवी असेल तरच.

अँड्रॉइडने तर दोन्ही टोकं गाठून पाहिली. त्याचा आधीचा दुभाष्या डाल्विक, आइसलँडमधल्या एका गावाच्या नावाचा. २०१० मध्ये त्याच्या हाती वही आली. २०१४ मध्ये डाल्विक गेला आणि ठरलं की अ‍ॅप बसवतानाच आख्खं भाषांतर करून टाकायचं. अ‍ॅप बसायला वेळ लागू लागला, जागा भरू लागली. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये तिसरी वाट निघाली. आधी दुभाष्या, मग गरम ओळींना वही, आणि कुठल्या ओळी गरम झाल्या याची नोंद. ती नोंद हाताशी धरून त्या ओळींचं पक्कं भाषांतर करायचं, पण कधी? फोन चार्जिंगला लावलेला असेल आणि कुणी वापरत नसेल तेव्हा. म्हणजे तुम्ही फोन चार्जरला लावून झोपता, त्या वेळात तो दिवसभराची वही उघडून बसतो. तुम्ही काय जास्त वापरलं, कुठल्या पडद्यावर पुन्हापुन्हा गेलात, ते पाहून तेवढंच उतरवून ठेवतो. एकाच दुकानातून घेतलेले, एकाच कंपनीचे दोन फोन. एक झाशीच्या बाजारातल्या दुकानदाराचा, एक दादरच्या आजीचा. दोघांत अ‍ॅप तीच. महिन्याभराने दोघांच्या पोटातली भाषांतरं मात्र वेगळी झालेली असतात.

ज्यांच्या घरी जावा बसवलेला संगणक आहे आणि प्रोग्रॅमिंग शिकणारं कुणी आहे, त्यांना एक विनंती. कोट्यवधी आवर्तनं घालणारा एक साधा बेरजेचा प्रोग्रॅम लिहा. आधी तो नेहमीसारखा चालवा. मग ‘एक्स-इंट’ हा पर्याय देऊन चालवा, त्याने दुभाष्याची वही काढून घेतली जाते. घड्याळ लावा. बहुतेकदा दहापटीहूनही जास्त वेळ लागलेला दिसेल. नंतर वही परत द्या आणि ‘प्रिंट-कंपायलेशन’ हा पर्याय चालू करा. कुठली ओळ कधी गरम झाली, कुठल्या लेखनिकाकडे गेली, ते सगळं पडद्यावर उलगडत जाईल. त्या यादीत मधूनच ‘मेड नॉट एन्ट्रंट’ असे तीन शब्द येतात, म्हणजे या पानावर यापुढे प्रवेश बंद. काही वेळा त्याचा अर्थ एवढाच, की कच्च्या भाषांतराची जागा कसलेल्याने घेतली. पण काही वेळा तिथे यंत्राने आपला एक अंदाज नुकताच मागे घेतलेला असतो. ती ओळ शोधून काढा आणि मुलांना दाखवा.